कॉलेजनं हॉकी बंद केली. मुलीनं आता कॉलेज बदलावं का?

प्रश्न: आम्ही कॅनडात मिसिसागाला राहतो. मुलगी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या विद्यापीठात नर्सिंगला आहे, दुसरं वर्ष नुकतंच संपलं. आइस हॉकी टीमची गोलकीपर म्हणून तिला स्कॉलरशिप आहे. मे महिन्यात विद्यापीठानं मुलामुलींच्या दोन्ही टीम बंद केल्याचं कळवलं. माजी खेळाडू निधी जमवतायत. मुलगी म्हणते थांबू या, हे म्हणतात लगेच दुसरीकडे हलव. काय करावं? (एक आई)

उत्तर: नमस्कार. निधी जमेल आणि टीम परत उभी राहील, या भरवशावर मुलीचं वर्ष ठेवू नका. पिट्सबर्गजवळच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठानं मे 2021 मध्ये दोन्ही टीम बंद केल्या. मुलींची टीम तर त्याच मोसमात एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) राष्ट्रीय स्पर्धेत खेळून आली होती. निधी जमला, डिसेंबरात टीम परत आणायचं जाहीर झालं, पण पहिला सामना व्हायला 2023-24 चा मोसम उजाडला. अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या विद्यापीठाची टीम 2020 मध्ये देणग्यांवर वाचली आणि पुढच्याच वर्षी कॉन्फरन्स (आपसात सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) मिळेना म्हणून थांबली. डिव्हिजन वनमध्ये (एनसीएएचा सगळ्यात वरचा गट) खेळायची मुदत पहिल्या पूर्णवेळ प्रवेशापासून पाच वर्षं, आणि टीम बंद असली तरी ती चालूच राहते. तुमच्या मुलीची दोन संपली.

पण लगेच हलवण्याची घाईही मला पटत नाही, कारण विषय नर्सिंग आहे. इतिहास किंवा कॉमर्सची मुलगी असती तर मी वेगळं सांगितलं असतं. नर्सिंगमध्ये तिसऱ्या वर्षापासून क्लिनिकल (हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण) जोरात सुरू होतात, त्यांच्या जागा हॉस्पिटलांशी झालेल्या करारांप्रमाणे मोजक्या असतात आणि बरीच कॉलेजं बाहेरच्या मुलीला अधेमधे घेत नाहीत, खालच्या वर्गात बसवतात. त्यात एनसीएएची अट: डिव्हिजन वनमध्ये तिसऱ्या वर्षी खेळायचं तर पदवीच्या गरजेपैकी 40 टक्के पूर्ण हवं, चौथ्या वर्षी 60. पदवी 120 क्रेडिटची असेल तर 48. हे मोजतात नव्या कॉलेजच्या पदवीप्रमाणे. म्हणजे हातात 62 क्रेडिट असले आणि नव्या कॉलेजनं नर्सिंगसाठी 44 च धरले, तर प्रवेश मिळूनही मुलगी बर्फावर उतरू शकत नाही. कोच इथे फसवतो असं नाही. त्याला मुलगी हवी असते, पण क्रेडिट तो ठरवत नाही. म्हणून कोचचा होकार आला तरी नर्सिंग विभागाकडून दोन गोष्टी लेखी घ्या: किती क्रेडिट पदवीत धरणार, आणि क्लिनिकलची जागा कोणत्या सत्रापासून.

पहिलं काम मात्र सध्याच्या विद्यापीठातच आहे. ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची एनसीएएची यादी) नाव घालण्याआधी कंप्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम सांभाळणारं कार्यालय) ईमेल करून विचारा: मुलगी इथंच शिकली तर स्कॉलरशिप पदवीपर्यंत चालू राहील का? आणि पोर्टलमध्ये नाव घातलं, पण जागा न मिळून ती परत इथंच राहिली, तर? हा दुसरा प्रश्न बहुतेक पालक विसरतात. एरवी पोर्टलमध्ये नाव गेलं की सत्र संपल्यावर मदत थांबवायची कॉलेजला मुभा असते. टीम बंद करणारी विद्यापीठं बहुधा राहणाऱ्यांची स्कॉलरशिप चालू ठेवतात, पण ‘बहुधा’वर फी भरता येत नाही, कागद हवा. मदत कमी केली किंवा काढली तर 1 जुलैपर्यंत लेखी कळवणं विद्यापीठावर बंधनकारक आहे आणि त्याविरुद्ध सुनावणी मागता येते. ती क्रीडा विभागाबाहेरची समिती घेते.

गोलकीपरची जागा शोधणं फॉरवर्डपेक्षा अवघड. टीममध्ये साधारण तीन गोलकीपर, खेळते मुख्यतः एक. त्यामुळे प्रत्येक टीमचा रोस्टर (खेळाडूंची यादी) उघडून शेवटच्या वर्षाची गोलकीपर कुठे आहे ते बघा आणि तिथंच लिहा. व्हिडिओत नुसते छान सेव्ह जोडू नका. दोन सामन्यांचे अख्खे पीरियड पाठवा, खाल्लेल्या गोलांसकट. पक (आइस हॉकीची चकती) अंगावर आपटून कुठे जातो आणि मुलगी एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत किती लवकर सरकते, हे कोचला त्यातच दिसतं.

डिव्हिजन थ्रीमध्ये जागा मिळेल, पण तिथं खेळाची स्कॉलरशिप नसते आणि कॅनडाच्या नागरिकाला अमेरिकन सरकारी मदतही नाही. तिथली पूर्ण फी आधी मांडून बघा. इथंच राहिली तर एसीएचएची (एनसीएएबाहेरच्या कॉलेज क्लब हॉकीची संघटना) क्लब टीम आहे का, नसल्यास उभी करता येईल का, हे विचारावं. तिथं बर्फाचं भाडं नि प्रवासखर्च बऱ्याचदा मुलींनाच वर्गणी काढून भागवावा लागतो, पण खेळ सुटत नाही.

माझं मत: तिसऱ्या वर्षाच्या क्लिनिकलसह लेखी प्रवेश ऑगस्टच्या आत हातात आला तर जावं, नाहीतर स्कॉलरशिपसकट इथंच नर्सिंग पूर्ण करावं. कॅनडातल्या यू स्पोर्ट्सच्या (तिथली विद्यापीठ खेळांची संघटना) टीमही विचारात घ्या, मात्र नर्सिंगची अडचण तिथंही हीच.

जायचं ठरलं तर नव्या कॉलेजचं प्रवेशपत्र आल्याशिवाय जुन्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकन सरकारी नोंद) नव्या कॉलेजकडे सोडायला सांगू नका. ते सोडल्याच्या तारखेपासून पाच महिन्यांत नवे वर्ग सुरू व्हावे लागतात. नवा आय-20 (परदेशी विद्यार्थ्याला कॉलेजकडून मिळणारा कागद) लागेल, सेव्हिसची फी परत भरावी लागत नाही. आणि जुन्या कॉलेजची मेस, होस्टेल, पार्किंगची थकबाकी आताच भरून टाका. काही कॉलेजं त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) अडवून ठेवतात.