पट्टी सोडली, तर खाली नवीच जखम

प्रश्न : आमच्या तीन वर्षांच्या लॅब्रॅडॉरच्या पुढच्या पंजात काच घुसली. डॉक्टरांनी गादीला तीन टाके घालून बँडेज बांधलं. ते सारखं खाली घसरत होतं, म्हणून आम्ही वरच्या कडेला चिकटपट्टी आवळून लावली. पाचव्या दिवशी सोडलं तेव्हा टाके चांगले होते, पण अंगठ्याच्या नखाखाली आणि मनगटाच्या मागे कातडी लाल होऊन सोलली होती. बोटांच्या बेचक्यांत ओल होती, वासही येत होता. आता पुन्हा बांधायचं की उघडं ठेवायचं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ही कातडी काचेने नाही, पट्टीने सोलली आहे, आणि त्यामागे दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे दाब. अंगठ्याचं नख आणि मनगटामागची छोटी गादी या जागा वर आलेल्या असतात, त्यामुळे पट्टीचा सगळा भार तिथेच पडतो. दुसरं म्हणजे ओल. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजाच्या गाद्यांना. बाहेरून पाण्याचा थेंब लागला नाही तरी बँडेज आतून दमट होतं आणि बेचक्यातली कातडी पांढरी, मऊ पडून सोलते.

घसरलेली पट्टी वरून आवळणं ही यातली सगळ्यात घातक चूक. आवळलेल्या जागी वर जाणाऱ्या रक्ताची वाट आधी बंद होते, खाली येणारं रक्त मात्र चालू राहतं. मग बोटं सुजतात, सुजली की तीच पट्टी आणखी काचते, आणि काही तासांत पंजा धोक्यात येऊ शकतो. घसरलेलं बँडेज आवळायचं नाही, पूर्ण काढून नव्याने बांधायचं.

आधी बोटं बघा. ती गार लागत असतील, निळी-काळी दिसत असतील किंवा चिमटा काढूनही कुत्रा पाय ओढत नसेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. वास येतोय म्हणजे जंतुसंसर्ग असू शकतो, तेव्हा तसं काही नसलं तरी आजच डॉक्टरांना दाखवा. बँडेज मात्र बहुधा सुरूच ठेवावं लागेल. प्रत्येक पावलाला गादी अंगभार घेऊन पसरते, त्यामुळे तिचे टाके दहा ते चौदा दिवस, कधी त्याहून जास्तही, सांभाळावे लागतात.

धुवायला मेडिकलमधलं नॉर्मल सलाइन वापरा. घरी करायचं तर उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात सपाट पाऊण लहान चमचा मीठ पुरे. बीटाडिन लावायचंच असेल तर फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. डेटॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नको. त्यांनी भरून येणारी नवी कातडीही मरते. धुतल्यावर गॉजने टिपा, चोळू नका. गळ्यात कोन (चाटता येऊ नये म्हणून घालतात ती शंकूसारखी कॉलर) घालून पंजा पंधरा मिनिटं पंख्याखाली उघडा राहू द्या. बेचकी कोरडी झाल्याशिवाय पट्टीला हात लावायचा नाही.

सोललेल्या जागेवर पॅराफिनची जाळी (जखमेला न चिकटणारं मेणचट गॉज) ठेवा, पण जखमेच्या मापाची कापून. चांगल्या कातडीवर ती पसरली तर तीही मऊ पडते. पुढची गोष्ट बहुतेकांची उलटी होते. दुखऱ्या जागेवर कापसाचा जाड थर दिला की तिथला दाब कमी न होता वाढतो. डोक्यावर हंडा घेताना करतात तशी कापसाची छोटी चुंबळ करा, साधारण एक सेंटिमीटर जाड, आणि ती जखमेभोवती बसवा. जखम मधल्या खळग्यात यायला हवी, म्हणजे भार चुंबळीवर जातो.

आता बांधणी. चारही बोटांमध्ये आणि अंगठ्याच्या मागे कापसाच्या पातळ वाती ठेवा. बोटं फाकतील इतका कापूस कोंबू नका. अडीच सेंटिमीटर रुंद चिकटपट्टीचे दोन तुकडे पायाच्या दोन बाजूंना, चांगल्या कातडीवर उभे लावा. बोटांपुढे ते वीतभर मोकळे सोडून टोकं एकमेकांना चिकटवून ठेवा. त्यावर प्लास्टरखाली वापरतात तो कापसाचा रोल बोटांकडून वर गुंडाळा. प्रत्येक फेऱ्याने आधीचा निम्मा झाकायचा, दोन-तीन थर द्यायचे. साधा कापूस ओला झाला की त्याच्या गुठळ्या होतात, तो नको. पट्टी मनगटाच्या बरीच वर, पुढच्या पायाच्या मध्यापर्यंत न्या. नुसता पंजा गुंडाळलेली पट्टी घसरणारच. मधल्या दोन बोटांची नखं उघडी ठेवा. वर गॉजचं रोलर बँडेज नेटकं ताणून बसवा, मग मोकळे सोडलेले दोन तुकडे सोडवून उलटे वर वळवा आणि गॉजवर चिकटवा. न घसरण्याची खरी युक्ती हीच. शेवटी स्वतःलाच चिकटणारी लवचिक पट्टी. ती आधी रोलवरून सैल उलगडून घ्या आणि मगच गुंडाळा, कारण ताणून बांधलेली पट्टी नंतरही आवळत राहते. वर बोटभर कापूस बाहेर दिसू द्या, म्हणजे पट्टीची कड कातडीला काचणार नाही. वरच्या कडेतून दोन बोटं आत जायला हवीत.

रोज सकाळ-संध्याकाळ ती दोन उघडी नखं बघा. जवळजवळ असली तर ठीक, एकमेकांपासून फाकलेली दिसली तर आत सूज आहे, पट्टी लगेच सोडा. सोललेली कातडी सुकेपर्यंत बँडेज रोज बदला, पुढे एक दिवसाआड. ओलं झालं तर तासाभरात बदला. फिरायला नेताना वर प्लास्टिकची पिशवी चालेल, घरी आल्या आल्या काढायची. शांत असलेला कुत्रा अचानक पट्टी चावू लागला तर त्याला रागावू नका. तो आत दुखतंय हे सांगतोय.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या कुत्र्याच्या पंजाला जखम होऊन पावसात अळ्या पडल्या आहेत. टर्पेंटाइन ओतून पट्टी बांधा असं सांगतात. बरोबर आहे का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. टर्पेंटाइनने मांस भाजतं, कुत्रा ते चाटतो आणि विषबाधा होते. डांबराच्या गोळ्याही तितक्याच वाईट. माशीच्या अंड्यांतून दिवसभरात अळ्या निघतात आणि त्या मांसात शिरत जातात. वरून पट्टी बांधली तर आत काय चाललंय ते दिसतच नाही. पशुवैद्य चिमट्याने अळ्या काढतात, जखम धुतात आणि कुत्र्याच्या वजनानुसार औषध देतात. तोवर सलाइनने धुवा आणि त्याला माश्यांपासून दूर, आडोशाला ठेवा. दुखण्याने प्रेमळ कुत्राही चावतो, म्हणून हातमोजे घाला आणि एकट्याने धरू नका. चावलाच किंवा हातावरच्या ओरखड्याला लाळ लागली, तर साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा.

प्रश्न : पंजा दुखतोय म्हणून घरातली डायक्लोफिनॅकची अर्धी गोळी दिली तर चालेल? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : पावसुद्धा नको. डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेन यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 पासून भारतात बंदी आहे. त्याचं कारण गिधाडं होती, औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन ती मरत होती. पॅरासिटामॉलही आपल्या अंदाजाने देऊ नका. कुत्र्यांसाठीची वेगळी वेदनाशामकं मिळतात, त्यांचा डोस डॉक्टर वजनावर ठरवतात. गोळी आधीच दिली असेल तर वेळ आणि मिलिग्रॅम लिहून घ्या, रिकामं पाकीट बरोबर घेऊन दवाखान्यात जा. उलटी, काळी शी किंवा जेवण सोडणं, यांची वाट बघू नका.