जांभळी फुलं आणि बाटलीतला साका

प्रश्न : ताई, मी बँकेतून निवृत्त झालोय. रोज सकाळी संभाजी तलावाच्या कडेनं फिरतो. जलपर्णीला बहर आला की पाणी दिसतच नाही, नुसतं जांभळं. नातीनं त्याचा फोटो काढला, आम्ही तो हॉलमध्ये लावला. एक मित्र घरी आले आणि म्हणाले, "अहो, हे प्रदूषण आहे, ह्याचा कसला फोटो लावता?" तेव्हापासून त्या भिंतीकडं बघवत नाही. आम्हाला सुंदर वाटलं ते चुकलं का? आणि पाणी तपासताना ते सुंदर दिसतंय की नाही, याला काही किंमत असते का?
– एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : काका, फोटो राहू द्या भिंतीवर. तुमच्या मित्रांचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. आपल्या देशात ती आली तीच शोभेचं रोप म्हणून. म्हणजे फूल बघून भुललेले तुम्ही काही पहिले नाही.

तत्त्वज्ञ कांटनं १७९० मध्ये एक गंमत सांगितली आहे. एका यजमानानं झुडपात पोरगा लपवून त्याच्याकडून बुलबुलासारखी शीळ वाजवून घेतली. पाहुणे खूश. पण सोंग कळलं की तीच शीळ कुणाला ऐकवत नाही. तुमचं तसंच झालंय, असं मित्रांना वाटतंय. मला नाही वाटत. इथं फूल खोटं नाहीच. पाण्यात नत्र आणि स्फुरद वाढलंय, सांडपाणी येतंय, हे ते सरळ सांगतंय. शेतात पिकाची पानं बघून खताचा अंदाज घेतात, तसंच हे. आपण फक्त ‘छान’ म्हणून पुढं जातो, तिथं चुकतं.

आता तपासणीचं. तीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं. दरवर्षी मुलांना तळ्यावर न्यायची. पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत १८८८ सालची, पण अजून शिकवतात. बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग मँगनीज सल्फेट, त्यावर आयोडाइड मिसळलेला अल्कली घालायचा, बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. ऑक्सिजन असेल तर चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी साका बसतो. एकदा नाल्याच्या तोंडाशी भरलेल्या बाटलीत साका आला पांढराशुभ्र, पिंजलेल्या कापसासारखा. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हीच सगळ्यात सुंदर!" पांढरा राहिला याचा अर्थ ऑक्सिजन शून्य. त्या पाण्यात मासा जगत नाही. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती बाटलीकडं बघतच राहिली. तेव्हापासून मलाही तो तपकिरी चोथा देखणा वाटायला लागला, काय सांगू!

पण निव्वळ आकड्यांवर विसंबून मीही एकदा फसले आहे. एका हिरव्यागार तळ्याचा नमुना दुपारी तीनला घेतला. लिटरला ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन! मी आनंदानं वहीत ‘उत्तम’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे काठाला मासे मरून पडलेले. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं, हे पुस्तकातलं मला पाठ होतं. पण दुपारची सोय बघून गेले. त्या पाण्याला कुजकट वास येत होता, तोही नाकाला आला होता. वहीत मात्र वासाला रकानाच नव्हता.

तो असायला हवा होता. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आय.एस. १०५००, काढून बघा. सामू (म्हणजे पीएच, पाणी किती आंबट की खारं याचं माप) ६.५ ते ८.५, गढूळपणा १ एन.टी.यू. (हे गढूळपणा मोजायचं एकक), सगळीकडं आकडे. वास आणि चव यांच्यापुढं मात्र आकडा नाही, फक्त ‘स्वीकारार्ह’ असा शब्द. म्हणजे तिथं माणसाचं नाकच लागतं. त्यामुळं किंमत असते का, तर असते. पण उलटंही सांगते : नितळ दिसणाऱ्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट असू शकतं आणि डोळ्याला ते कधीच दिसणार नाही. तिथं बाटलीच हवी.

नातीला घेऊन तुम्ही स्वतःच मोजा की. सेकी नावाच्या इटालियन पाद्र्यानं १८६५ मध्ये बोटीवरून पांढरी चकती समुद्रात सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजलं; त्यावरून पाणी किती नितळ ते कळतं. तळ्यासाठी २० सेंटिमीटर व्यासाची चकती घ्या. डब्याचं झाकण चालेल. चार भाग करून एक आड एक काळा-पांढरा रंग द्या, खाली वजन बांधा, दर १० सेंटिमीटरला दोरीला गाठ मारा. दर रविवारी एकाच वेळी, एकाच जागी सोडा आणि चकती गुडूप झाली की गाठी मोजा. शेजारी वास कसा, रंग कसा, कोणते पक्षी दिसले, हेही लिहा. आणि एकदा तरी उजाडायच्या आत जा. मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर ऑक्सिजन कमी पडतोय, हे लगेच कळेल.

एक मात्र सांभाळा. सोलापूरकर म्हणून घरात सुती दोरी असणारच, ती घेऊ नका. भिजली की आखडते आणि गाठी जवळ येतात. नायलॉनची घ्या.