मुलाला आजीकडे ठेवून ग्वेइचौला जावे का?

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. बी.एड. होऊन शिक्षक भरतीची वाट पाहण्यात चार वर्षे गेली, आता एका दलालाने चीनच्या ग्वेइचौ प्रांतातल्या खेड्यात प्राथमिक शाळेवर इंग्रजी शिकवण्याची नोकरी देऊ केली आहे, तिथला दिनक्रम कसा असतो, आणि सहा वर्षांच्या मुलाला बरोबर न्यावे की वर्षभर आजीकडे ठेवावे, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाची यादी वकिलातीच्या संकेतस्थळावर मिळेल, ती मी पुन्हा सांगत नाही. मात्र दलालाने तुमच्यापासून एक गोष्ट लपवलेली दिसते. परदेशी शिक्षकाने शिकवायची भाषा त्याची मातृभाषा असावी, असा तिथला सर्वसाधारण नियम आहे आणि मातृभाषा कोणती हे व्यवहारात पासपोर्ट पाहून ठरते. मी मूळची साताऱ्याची, पण न्यूझीलंडचे नागरिकत्व घेतले होते म्हणून माझा अर्ज पुढे सरकला. माझ्याहून चांगले शिकवणारे कितीतरी जण भारतीय पासपोर्टमुळे मागे राहिले असतील. ‘आधी बिझनेस व्हिसावर या, नंतर बदलून घेऊ’ असे कोणी म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नका, कारण त्या व्हिसावर वर्गात सापडलात तर दंड आणि परत पाठवणी तुमची होईल, दलालाची नव्हे.

कागदपत्रांचा विषय काढला की माझे डोके अजूनही तापते. माझ्या पदवीवर आडनाव आधी, मग माझे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर माझे नाव आधी आणि आडनाव सासरचे. कागद तपासणाऱ्या कार्यालयातल्या खिडकीवरच्या मुलीने दोन्ही कागद शेजारी ठेवून अगदी सौजन्याने विचारले की या दोघींपैकी नोकरीला कोण येणार आहे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करणारे प्रतिज्ञापत्र, त्याचे साक्षांकन आणि त्याचे चिनी भाषांतर यांत अडीच महिने गेले, आणि तोवर माझा घटस्फोटही झाला, म्हणजे ज्या नावासाठी एवढा खटाटोप केला ते नाव तेव्हा माझे राहिलेच नव्हते.

आता शाळेविषयी. मी 2016 मध्ये त्याच प्रांतातल्या झुन्यी शहराजवळच्या एका गावात गेले. माओताई दारू याच भागात बनते, त्यामुळे डोंगरउतारावर ज्वारी दिसते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला भाकरीची आठवण आली, पण तिथली ज्वारी बहुतेक भट्टीतच जाते. माझ्याकडे चार शाळा होत्या आणि प्रत्येक वर्गाला मी आठवड्यातून एकदा, चाळीस मिनिटे भेटत असे. इंग्रजी तिसरीपासून सुरू होते, परंतु परीक्षेची जबाबदारी स्थानिक शिक्षिकेची असल्यामुळे माझा तास हा थोडासा शिकवण्याचा आणि बराचसा फोटोचा कार्यक्रम असे. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझा चेहरा पाहिला आणि मग माझ्या मागे आणखी कोणी उतरते आहे का ते पाहिले. त्यांना गोरी बाई अपेक्षित होती. सोमवारी ध्वजवंदन, रोज ध्वनिक्षेपकाच्या तालावर डोळ्यांचे व्यायाम, दुपारी बाकावर डोके ठेवून सक्तीची झोप. या सगळ्याची सवय लवकर होते.

भाषेची मात्र होत नाही. मी प्रमाण चिनी शिकून गेले होते आणि गावात नैऋत्येकडची बोली चालत होती. एका संध्याकाळी एक आजी फाटकाशी ‘हायझ, हायझ’ म्हणत रडवेली होऊन उभी होती. ‘हायझ’ म्हणजे मूल, एवढे मला ठाऊक होते, म्हणून मी घाबरून सगळी शाळा गोळा केली. त्या बोलीत जोड्यालाही ‘हायझ’च म्हणतात. नातवाचा नवा जोडा हरवला होता आणि नातू तिच्या मागेच एका पायावर उभा होता.

त्या नातवाचे आईवडील दूर किनाऱ्यावरच्या ग्वांगतुंग प्रांतात कारखान्यात कामाला होते. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांची हीच कथा होती. अशा मुलांना तिथे ‘मागे ठेवलेली मुले’ असेच म्हणतात. आई फोनवर ‘जेवलास का’ विचारते आणि मूल पडद्याकडे न बघता ‘हो’ म्हणते, हे मी शेकडो वेळा पाहिले.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलेत. तो असतो. तिकडे दक्षिणेत गावातल्या शाळांना सहसा हीटर नसतात, हिवाळ्यात ओलसर थंडी हाडात शिरते, आणि सगळे शेगडीच्या टेबलाभोवती बसतात तेव्हा तुम्हीही बसावे. याहून अधिक त्यावर लिहिण्यासारखे नाही.

माझ्या मुलीबद्दल मात्र लिहायला हवे. तिला मी माझ्या चारपैकी एका शाळेत पहिलीत घातले होते. दुसरीत सगळ्या वर्गाला तिथल्या सरकारी बालसंघटनेचे गळ्यात बांधायचे लाल रुमाल मिळाले आणि परदेशी म्हणून तिला मिळाला नाही. ती काहीच बोलली नाही. मी म्हटले, ‘आपण इथे कायमचे थोडेच आहोत?’ हे वाक्य मी आजही परत घेऊ इच्छिते. पुढे जानेवारी 2020 मध्ये सुट्टीत तिला साताऱ्याला आईकडे सोडले आणि निवास परवान्याचे नूतनीकरण आहे म्हणून मी एकटीच परतले. 28 मार्चपासून चीनने परदेशी लोकांचा प्रवेश बंद केला. मी बाहेर पडू शकत होते. पुन्हा आत येता आले नसते, इतकेच. मी सर्वांना सांगितले की विमाने नाहीत. खरे कारण असे की गावात मला प्रथमच कोणाची सून किंवा कोणाची घटस्फोटित बायको म्हणून ओळखत नव्हते आणि ते मला सोडवत नव्हते. करार संपेपर्यंत, म्हणजे सव्वादोन वर्षे, मी फोनवर तिला ‘जेवलीस का’ विचारत होते आणि ती पडद्याकडे न बघता ‘हो’ म्हणत होती.

आता ती माझ्याजवळ ऑकलंडला आहे. चिनी विसरली, इथल्या दुकानाच्या पाट्यांवरची चिनी अक्षरे ती वाचत नाही, की वाचून सांगत नाही, हे मला कळलेले नाही.

दलालाकडून चिनी सरकारी कार्यालयाने दिलेली कामाच्या परवान्याची लेखी सूचना मागा आणि त्याने टाळाटाळ केली तर विषय तिथेच संपवा. परवाना खरा निघाला आणि मुलाला आजीकडे ठेवण्याचे ठरत असेल, तर सहा वर्षांचा असला तरी त्याला आधी विचारा. मी विचारले नव्हते.