बाबांना सकाळी उठताना चक्कर येते. मानेचाच त्रास असेल का? कोणाला दाखवू?

तुम्ही लिहिलंय की बाबा ६८ वर्षांचे आहेत, महिनाभर अंथरुणातून उठताना चक्कर येतेय आणि शेजारपाजारचे सगळे ‘स्पॉन्डिलायटिस’ (मानेच्या मणक्यांची झीज) सांगून मोकळे झालेत. मी डॉक्टर नाही. पण याच मानेपायी दोन महिने गळ्यात पट्टा घालून इंदूरभर फिरले आहे, म्हणून लिहिते.

आधी एक. चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एका अंगातली ताकद गेली, एकाचं दोन दिसू लागलं, उभंच राहता येईना किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तर माझं उत्तर वाचत बसू नका, १०८ ला फोन लावा. तो पक्षाघात असू शकतो. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ‘पित्त असेल, लिंबूपाणी द्या’ करण्यात त्यातले दोन सहज जातात.

माझं असं झालं. दिवाळीच्या सफाईत माळ्यावरचे डबे काढायला मान वर केली आणि स्वयंपाकघर गरगर फिरलं. मग रोज पहाटे डाव्या कुशीवर वळलं की तेच. बंद पंखा फिरताना दिसायचा. आम्ही रामबागेतले, घरात मराठी, बाहेर हिंदी. मराठीत डोकं गरगरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, झोक जातो, घेरी येते. डॉक्टरांपुढे मात्र मी सगळ्याचं एकच केलं, ‘चक्कर आते हैं’. मानेचा एक्स-रे निघाला. पन्नाशीनंतर मणक्याची थोडीफार झीज कोणाच्या एक्स-रेत दिसत नाही? पट्टा आला, गोळ्या आल्या. गोळ्यांनी दिवसभर सुस्ती यायची आणि पंखा फिरायचा तो फिरायचाच.

शेवटी एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, ‘कब होता है, कितनी देर रहता है, उस वक़्त आप क्या कर रही होती हैं?’ कूस बदलली की. अर्धा मिनिट. बस. त्यांनी टेबलावर बसवून मान ४५ अंश डावीकडे वळवली आणि झटकन मागे आडवं केलं, डोकं कडेच्या जरा खाली. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग अख्खी खोली सुटली. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं, आणि ते ‘आँखें खुली रखिए’ म्हणत माझ्या बुबुळांचे झटके बघत होते.

आजाराचं नाव बीपीपीव्ही. कानाच्या आत, तोल सांभाळणाऱ्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते जागेवरून सुटून शेजारच्या अर्धगोल नलिकेत शिरले की मान हलताच मेंदूला खोटी खबर जाते. डॉक्टरांनी तिथल्या तिथे माझं डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते कण परत त्यांच्या जागी धाडले (याला एप्ली म्हणतात). पाच मिनिटं, एकही गोळी नाही. दोन वर्षांनी पुन्हा उद्भवलं, तेव्हा सरळ तिथेच गेले. व्हिडिओ बघून घरी करू नका. कोणत्या कानाचं आहे ते आधी कळावं लागतं.

बाबांचं हेच असेल असं नाही. अंथरुणात कूस बदलतानाही गरगरतं का, की उभं राहिल्यावरच अंधारी येते, ते विचारा. उभं राहिल्यावरच असेल तर पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी मोजा, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर फिजिशियनकडे जा. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांनी हे होऊ शकतं. स्वतःहून बंद मात्र करू नका, सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. कूस बदलताना होत असेल, किंवा कान भरल्यासारखा होऊन, कानात आवाज येऊन तासन्तास चक्कर राहत असेल, तर नाक-कान-घसा. खर्चाची चिंता असेल तर इथल्या एम.वाय. या सरकारी रुग्णालयातही तो विभाग आहे. आणि गरगरणं एकदा सुरू होऊन थांबतच नसेल तर त्याच दिवशी दाखवा.

झटका आला की मोबाइलवर त्यांच्या उघड्या डोळ्यांचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण डॉक्टरांसमोर हमखास काही होत नाही. निदान होईपर्यंत स्कूटरची किल्ली तुमच्याकडे. ‘राजवाड्यापर्यंत तर जायचंय’ म्हणतील. देऊ नका.