वाचकांचे प्रश्न : ठेका, सूर आणि प्रकृती

प्रश्न : माझ्या वडिलांना पार्किन्सनचा आजार आहे. औषधे नियमित घेऊनही चालताना, विशेषतः दारातून जाताना, त्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे अडतात. गाणे लावल्याने चालणे सुधारते, यात तथ्य आहे का?

उत्तर : तथ्य आहे, मात्र येथे उपयोगी पडतो तो ठेका, सूर नव्हे. एकामागून एक पाऊल आपोआप पडत राहावे यासाठी लागणारी लय मेंदूच्या खोल भागातील काही केंद्रे सांभाळतात आणि डोपामिन हे मेंदूतील रसायन कमी पडल्यामुळे या आजारात नेमकी तीच मंदावतात. बाहेरून ठळक ठेका ऐकू आला की पावले त्याला धरून पडू शकतात, कारण श्रवणाचे आणि हालचालीचे मार्ग मेंदूत एकमेकांशी जोडलेले असतात. संशोधक मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात या तत्त्वावर चालण्याचा सराव घेतला, तेव्हा रुग्णांच्या चालण्याचा वेग आणि पावलांमधील अंतर वाढल्याचे आढळले.

वडील नेहमीसारखे चालताना मिनिटाला किती पावले टाकतात, ते आधी मोजावे. ती ९० भरली, तर मोबाइलमधील मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारे ॲप) ९०वर लावून सुरुवात करावी आणि तेवढे सहज जमू लागल्यावर हळूहळू ९५पर्यंत न्यावे. गाणेच हवे असेल, तर ठेका स्पष्ट आणि लय शेवटपर्यंत एकसारखी असलेले निवडावे. कितीही आवडते असले, तरी मध्येच लय बदलणारे गाणे येथे अडचणच करते. प्रत्येकाला सारखा फायदा होत नाही आणि तोल जाण्याचा धोका असतो, म्हणून सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावी.

प्रश्न : रक्तदाब उतरवणाऱ्या संगीताचे तासन्‌तास चालणारे व्हिडिओ इंटरनेटवर दिसतात. अमुक आजारावर अमुक सूर, असे काही असते का?

उत्तर : असे कोष्टक सिद्ध झालेले नाही. संशोधक लुचानो बर्नार्डी यांच्या २००६ सालच्या अभ्यासात द्रुत लयीबरोबर श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढले आणि हा परिणाम संगीताच्या शैलीपेक्षा लयीवर अधिक अवलंबून होता. गंमत अशी, की मध्येच ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत नाडी आणि रक्तदाब संगीत सुरू होण्यापूर्वीपेक्षाही खाली आले. तासन्‌तास अखंड वाजणाऱ्या व्हिडिओंत नेमकी हीच जागा नसते. विलंबित लयीचे आवडते संगीत जरूर ऐकावे, पण त्याच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद करू नये.

प्रश्न : नैराश्यासाठी माझे उपचार चालू आहेत. मी उदास गाणी ऐकते, म्हणून घरचे रागावतात. ती बंद करावीत का?

उत्तर : गाणे उदास आहे एवढ्यावरून ठरवू नये. ते संपल्यावर मन मोकळे होते, की त्याच विचारांच्या फेऱ्यात आणखी अडकते, हे आठवडाभर दोन ओळींत लिहून पाहावे. दुसरे घडत असेल तर ते गाणे तूर्त बाजूला ठेवावे. प्रशिक्षित संगीतोपचारतज्ज्ञासोबत गाणे, वाजवणे आणि बोलणे ही याहून वेगळी गोष्ट आहे. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ सालच्या आढाव्यानुसार नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यास, निदान काही काळ तरी, नुसत्या उपचारांपेक्षा अधिक आराम पडतो. आपली टिपणे पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावीत. जीव नकोसा झाल्याचे विचार मात्र त्याच दिवशी त्यांच्या आणि घरच्यांच्या कानावर घालावेत.