बैल दिसला नाही, पण घास उतरला नाही

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त ग्रंथपाल बाईंची उत्तरं

प्रश्न : आमच्या सोसायटीत बायकांचं वाचन मंडळ आहे. महिन्यातून एकदा कुणाकडे तरी जमतो, पुस्तकावर बोलतो, मग खाणंपिणं. मागच्या वेळी एक जण म्हणाली, नायिका तिला हिरव्या इरकलीत, कपाळावर आडवी चिरी लावलेली अशी लख्ख दिसते. दुसरीच्या डोक्यात तर म्हणे सिनेमाच सुरू होतो. मला काहीच दिसत नाही. गोष्ट कळते, माणसं कळतात, पण डोळे मिटले की काळोख. मध्यंतरी एका कथेत म्हातारा शेतकरी बैल विकतो, ते वाचून रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही. पण तो बैल काही मला दिसला नव्हता. मी खरंच वाचते, की नुसती पानं उलटते?
(एक गृहिणी, प्रतापनगर)

उत्तर : ताई, आधी एक करून बघा. डोळे मिटा आणि तर्री-पोह्यांची प्लेट आठवा. ठेल्यावरची, घरची नाही. पोह्यांवर ओतलेली तर्री, कडेला जमलेला तेलाचा तवंग, त्यातून डोकं काढणारे चणे, वर भुरभुरलेला कच्चा कांदा. आता सांगा, तर्रीचा लाल रंग तुम्हाला दिसला, की ती लाल असते एवढं माहीत होतं?

हाच प्रश्न इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनने लोकांना विचारला होता. त्याच्याकडे तर्री नव्हती, म्हणून त्याने सकाळचं न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं. चित्र उजळ आहे की अंधूक, रेघा स्पष्ट आहेत का, रंग खरे वाटतात का, असं एकेक विचारलं आणि 1880 साली ते छापलं. कुणी म्हणालं, टेबल समोर मांडल्यासारखं दिसतं. आणि त्याच्या ओळखीच्या शास्त्रज्ञांपैकी बरेच जण म्हणाले, मनात चित्र दिसतं हे काय खूळ आहे? आपल्यासारखंच सगळ्यांचं असणार अशी दोन्हीकडच्यांची समजूत होती. तुमच्या मंडळातही तेच चाललंय.

मग हा विषय कितीतरी वर्षं मागे पडला. 2010 मध्ये अ‍ॅडम झेमन या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका निवृत्त गृहस्थाबद्दल लिहिलं. हृदयाच्या रक्तवाहिनीवर अँजिओप्लास्टी झाल्यावर त्याची मनातली चित्रं एकाएकी गेली होती. ते वाचून काही लोकांनी झेमनला कळवलं, आमच्याकडे तर ती जन्मापासूनच नाहीत. अशा 21 जणांची माहिती घेऊन 2015 मध्ये त्याने या प्रकाराला अफँटेझिया हे नाव दिलं. अंदाज वेगवेगळे आहेत, पण शंभरात एक ते चार माणसं अशी असावीत, असं साधारण मानतात. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच जणांना रात्री स्वप्नं मात्र दिसतात. आणि पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, एड कॅटमुल, यालाही मनात चित्र दिसत नाही. जन्म गेला चित्रपट काढण्यात! मंडळात कुणी फारच भाव खाल्ला, तर हे नाव ऐकवा.

हा आजार नाही. मात्र आजवर दिसत होतं आणि एकाएकी बंद झालं, असं झालं असेल तर पत्र मला नको, डॉक्टरांना दाखवा.

आता तुमच्या बैलाकडे येते, कारण तुमच्या पत्रातलं खरं तेच आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात एक प्रयोग झाला, 2021 मध्ये तो प्रसिद्ध झाला. लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून पडद्यावर भीतीच्या गोष्टी वाचायला दिल्या. बोटांना तारा लावल्या होत्या, कारण माणूस घाबरला की कातडीला बारीक घाम येतो आणि तो मोजता येतो. चित्र दिसणाऱ्यांचा घाम गोष्टीबरोबर चढत गेला. अफँटेझियावाल्यांचा जवळजवळ होता तिथेच राहिला. पुढे भीतीदायक छायाचित्रं दाखवली तेव्हा मात्र दोन्ही गटांना सारखाच घाम फुटला. म्हणजे ही माणसं निबर नव्हती, नुसत्या शब्दांनी त्यांच्या अंगावर काटा येत नव्हता, इतकंच.

हे वाचून तुम्ही म्हणाल, झालं, म्हणजे मी अर्धीच वाचक. मला नाही तसं वाटत. तो प्रयोग भीतीचा होता, आणि भीती डोळ्यांवर पोसते. म्हाताऱ्याचं दुःख कळायला बैलाची शिंगं दिसावी लागत नाहीत. तो बैल या घरात किती वर्षं होता, विकायची वेळ का आली, दावं दुसऱ्याच्या हातात देताना म्हातारा काय बोलला आणि काय बोलला नाही, हे कळावं लागतं. तुम्हाला ते कळलं, म्हणून घास अडला. इरकलीचा रंग सांगणाऱ्या बाईंचं त्या रात्री जेवण कसं झालं, एकदा विचारून बघा.

आणि त्या रंगाचंही फार मनावर घेऊ नका. ‘मला लख्ख दिसते’ म्हणणाऱ्यांना मी हळूच विचारते, नाक कसं आहे हो तिचं? भांग मधोमध की बाजूला? हातात बांगड्या किती? बहुतेकांची गाडी तिथे अडते. काहींना खरोखरच सगळं दिसतं, तेही नाकारत नाही. पण बऱ्याच जणांच्या ‘लख्ख’मध्ये एक रंग, एक खिडकी आणि चालण्याची एखादी लकब, एवढाच ऐवज असतो. माझं स्वतःचं म्हणाल तर मला आवाज येतात, चेहरे फारसे नाहीत. आपल्या नागपूरच्या ग्रेसांच्या कविता मी अशाच कानाने वाचल्या. ज्यांनी त्यांत चित्र शोधलं, ते पहिल्या कडव्यातच रुतून बसलेले पाहिलेत मी.

एक सवलत मात्र घ्या. निसर्गाची पानोपानी वर्णनं कंटाळवाणी वाटत असतील तर सरळ ओलांडा. तुमच्या मैत्रिणीही ओलांडतात, बोलत नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी एमपीएससी करतो. वाचताना मनातल्या मनात शब्द ऐकू येतात. अभ्यासिकेतला मित्र म्हणतो, हा आवाज बंद केला की स्पीड तिप्पट होते. व्हिडिओत तसंच सांगून राहिले. कसा बंद करू?
(एक विद्यार्थी, सदर)

उत्तर : बंद नको करूस बाळा. आपला डोळा ओळीवरून सरकत नसतो, उड्या मारतो. एकेका जागी सुमारे पाव सेकंद थांबतो आणि उडी चालू असताना त्याला नवं काही वाचता येत नाही. त्यामुळे वेगाला मुळातच मर्यादा आहे. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये वेगवान वाचनावरचं सगळं संशोधन तपासलं. निष्कर्ष असा की वेग फार वाढवला की समज घटते, आणि मनातला आवाज हा समजण्याला मदतच करतो. वर्तमानपत्र वरवर चाळायचं असेल तर चाळ. राज्यघटनेची कलमं मनातल्या मनात मोठ्यांदा वाच. मित्राची परीक्षा झाली की त्याचा स्पीड काय निघाला ते कळव.

प्रश्न : मॅडम, मी रेल्वेतून रिटायर झालो. वाचन दांडगं. पण माझी एक भानगड आहे. गोष्ट कोकणातली असो की साताऱ्याकडची, घर मला एकच दिसते, काटोलकडचा माझ्या मामाचा वाडा. समुद्र म्हणाल तर अंबाझरीचा तलाव. दोन वर्षांखाली मुलाने रत्नागिरीला नेलं, खरा समुद्र पाहिला, खरं कोकणी घर पाहिलं. घरी येऊन जुनी कादंबरी पुन्हा उघडली, तर पुन्हा मामाचाच वाडा! काहून होते असं?
(एक वाचक, अजनी)

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा मोठ्याने हसले, कारण इकडच्या पुष्कळ वाचकांचं हेच आहे. आपण लहानपणी जे वाचलं त्यातलं बरंचसं पुण्या-मुंबईचं नाही तर कोकणातलं. ते उभं करायला सामान कुठून आणणार? लेखक ‘पोफळी’ लिहून मोकळा होतो. मे महिन्यात, खिडकीतल्या कूलरच्या घरघरीत, अंगावर वाळ्याच्या वासाचे शिंतोडे घेत वाचणाऱ्या मुलाने पोफळ कुठे पाहिलेली असते? मग तो नाल्याकाठची सिंदीची झाडं उपटतो आणि तिथे नेऊन लावतो. पडवीच्या जागी ओसरी येते, झोपाळ्याच्या जागी बंगई, कौलांच्या जागी कवेलू. मागच्या दारी संत्र्याचा बगीचा असेल तर माडांनी जरा सरकून घ्यावं. लेखक बिचारा लिहितो समुद्राची गाज, आणि आपल्याला ऐकू येतं पावसाळ्यात अंबाझरीच्या सांडव्यावरून पडणारं पाणी.

हे घर डोक्यात पहिल्या दोन-तीन पानांतच बांधून होतं आणि मग काही केल्या हलत नाही. तुम्ही एक तपासून बघा. लेखक पुढे कुठेतरी म्हणतो, ‘ती उजवीकडे वळून स्वयंपाकघरात गेली.’ मामाच्या वाड्यात स्वयंपाकघर डावीकडे असेल तर तुम्ही काय करता? वाडा बदलत नाही. ते वाक्य गिळता आणि बाईला डावीकडेच पाठवता. लेखकाने दुसरा मजला काढला की खरी पंचाईत होते. वाड्याला माळवद तरी असतं, पण तिथे नायकाची खोली बसत नाही, म्हणून तो आपला जिन्याच्या टोकाशीच कुठेतरी झोपत असतो. आपलं त्यावाचून काही अडत नाही.

आणि रत्नागिरी पाहून वाडा का बदलला नाही? रत्नागिरीला तुम्ही परवा गेलात. मामाच्या वाड्यात तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमध्ये पडलात, मार खाल्लात, चोरून झोपलात. कोणत्या दाराची कडी कशी वाजते, न्हाणीतला कोणता दगड डुगडुगतो, हे तुमच्या अंगाला ठाऊक आहे. गोष्टीतल्या माणसांना वावरायला असं घर लागतं. चार दिवस लॉजवर राहून पाहिलेलं घर त्यांना पुरत नाही. मला तर उलट वाटतं, एखाद्या कोकणी लेखकाला सांगावं की बाबा रे, तुझी आजी काटोलला बंगईवर बसून सुपारी कातरते आहे. चिडणार नाही तो.

वाडा आता उभा आहे की विकला, हे तुम्ही लिहिलं नाहीत. उभा असेल तर एकदा कागदावर नकाशा काढून ठेवा आणि कोणत्या खोलीत कोणती कादंबरी घडली ते लिहा. मला पाठवलात तर आवडेल.

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. तिने फास्टर फेणेचा सिनेमा आधी पाहिला. आता पुस्तकं आणली, तर म्हणते, हा तो नाहीच. सिनेमा आधी दाखवून मी चूक केली का?
(एक पालक, मानेवाडा)

उत्तर : ती बरोबर म्हणते आहे, हा तो नाहीच! भा. रा. भागवतांचा बनेश फेणे शाळकरी पोर आहे, फुरसुंगीचा, सायकलवर हुंदडणारा. 2017 च्या सिनेमातला डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्याला आलेला मोठा मुलगा आहे. तो चेहरा या अंगावर बसायचाच नाही. दोन-तीन गोष्टी तुम्ही स्वतः वाचून दाखवा, ऐकता ऐकता तिचा तिला फेणे सापडेल, आणि बहुधा तो तिच्याच वर्गातला कुणीतरी असेल. खरी अडचण होते ती चेहरा आणि पात्र एकमेकांना चपखल बसतात तेव्हा. मग वाचणाऱ्याला काही कामच उरत नाही.

काफ्काला ही धास्ती होती. त्याच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या कथेत एक माणूस सकाळी उठतो तो किडा होऊन. 1915 मध्ये ती पुस्तकरूपाने निघताना मुखपृष्ठावर तो किडा येईल या कल्पनेनेच तो हादरला आणि प्रकाशकाला त्याने कळवलं की किडा काढायचा नाही, लांबूनसुद्धा दाखवायचा नाही. शेवटी मुखपृष्ठावर आला तोंड झाकून घेतलेला एक माणूस आणि त्याच्यामागे उघडं दार. मुलांच्या पुस्तकांत चित्रं हवीतच, माझा त्यांना विरोध नाही. पण हल्ली प्रत्येक पानावर इतकी चित्रं भरतात की मजकूर वळचणीला उभा असतो, ते मला पटत नाही.

प्रश्न : रशियन कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद वाचताना मी पात्रांची नावं वाचतच नाही. पहिलं अक्षर बघतो आणि पुढे जातो. हे चालतं का?
(एक वाचक, वर्धा रोड)

उत्तर : चालतं. बरेच जण तेच करतात, कबूल तुम्ही केलंत. त्या लोकांना एक स्वतःचं नाव, एक बापाच्या नावावरून आलेलं, एक आडनाव आणि वर घरचं लाडाचं नाव, त्यामुळे एकच माणूस चार माणसांसारखा येतो-जातो. एकाच अक्षराची दोन पात्रं निघाली आणि कोणाचं लग्न कोणाशी झालं ते कळेनासं झालं, तर पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने यादी करा. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर वेगळ्या कागदावर.