टीईटीची मुदत वाढेल का? शिक्षकांचे प्रश्न

पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, आधीपासून सेवेत असलेल्या शिक्षकांनाही सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, बंधनकारक झाली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्यांना दोन वर्षांची मुदत आहे. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेल्याने त्या शाळा सध्या या निकालाबाहेर आहेत.

मुदतवाढीचा कायदा येणार म्हणतात. तोवर थांबावे का?

थांबू नका. मुदतवाढ पूर्वी मिळाली आहे, हे खरे. २०१७ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ मध्ये दुरुस्ती झाली आणि ३१ मार्च २०१५ रोजी सेवेत असलेल्या, पण किमान अर्हता नसलेल्या शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत वेळ मिळाला. पण ती दुरुस्ती संसदेने केली होती. शासन निर्णय काढून हे साधत नाही. राज्याने स्वतः कायदा केला, तरी केंद्रीय कायद्याशी विसंगत तरतुदीला राष्ट्रपतींची संमती लागते. विधेयक मांडले म्हणजे मुदत वाढली, असेही नाही. राजपत्रात अधिनियम येईपर्यंत जुनीच तारीख धरा. पुनर्विचार याचिका दाखल झाल्यानेही निकालाला आपोआप स्थगिती मिळत नाही.

जन्म सप्टेंबर १९७२ चा आहे. सूट मिळेल?

तारीख पाहा. निवृत्तीचे वय ५८. जन्म १ सप्टेंबरचा असेल तर निवृत्ती आदल्या महिन्याच्या अखेरीस, ३१ ऑगस्ट २०३० ला; निकालाच्या दिवशी पाच वर्षांहून कमी सेवा उरते, म्हणून सूट. २ सप्टेंबरचा असेल तर निवृत्ती ३० सप्टेंबरला, आणि परीक्षा द्यावी लागेल. सेवापुस्तकातली नोंद आजच तपासा. सूट असली तरी टीईटीशिवाय पदोन्नती नाही.

मुदतीत उत्तीर्ण झालो नाही तर?

सेवा सोडावी लागेल किंवा सक्तीची निवृत्ती. अर्हताकारी सेवा, म्हणजे लाभांसाठी लागणारी किमान सेवा, पूर्ण असेल तर सेवानिवृत्तीचे लाभ मिळतात. कमी पडत असेल तर विभागाकडे निवेदन देता येते.

२०१३ च्या प्रमाणपत्रावर सात वर्षांचीच वैधता आहे.

चिंता नको. २०२१ मध्ये वैधता आजीव झाली, तीही २०११ पासून पूर्वलक्षी.

सहावी-सातवीला विज्ञान शिकवतो. तयारी कशी करू?

तुमचा पेपर दुसरा. १५० गुणांत गणित-विज्ञानाला ६०. बालमानसशास्त्र आणि दोन भाषांना प्रत्येकी ३०. खुल्या प्रवर्गाला ९० गुण लागतात. अनुभवी शिक्षक अडकतात ते इथेच: विषय येतो म्हणून बाकीचे ९० गुण दुर्लक्षित राहतात. विषयात ४५ मिळाले तरी उरलेल्यांतून आणखी ४५ हवेतच. म्हणून सुरुवात बालमानसशास्त्र आणि दुसऱ्या भाषेपासून करा. वेळ अडीच तास, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. घड्याळ लावून जुने पेपर सोडवा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.